चार इंचांचा कायदा आणि कासवाचे दीर्घायुष्य

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कासव हा आपल्या नित्य परिचयाचा प्राणी आहे. महादेवाच्या देवळात पाऊल टाकले की दगडी कासवाचे दर्शन होते. दशावतारांत कूर्माचे स्थान दुसरे आहे, आणि सशाशी लागलेली त्याची शर्यत तर पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते मुलाच्या मुठीत मावणाऱ्या, दुकानातून विकत आणलेल्या एका कासवाविषयी आणि त्या कासवासाठी अमेरिकेत १९७५ साली केलेल्या एका नियमाविषयी. हा नियम अवघ्या काही ओळींचा आहे. चार इंचांहून कमी लांबीच्या पाठीचे जिवंत कासव विकू नये, एवढाच त्याचा गाभा. परंतु या चार इंचांमुळे काय काय घडले, हे पाहू लागलो तर त्याचा माग लुइझियानातील तळ्यांपासून फ्रान्स-जपानमार्गे आपल्या देशातील देवळांच्या पुष्करिण्यांपर्यंत येऊन पोचतो. आपणांपैकी अनेकांना नियम राबवावे लागतात, काहींना ठराव करावे लागतात. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम त्या कासवाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात. आपण त्याला लाल कानाचे कासव म्हणू. खरे म्हणजे तो कान नव्हे, डोळ्यामागचा तांबडा पट्टा होय. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील संथ पाण्यात राहणारा, उन्हात ओंडक्यावर बसून अंग शेकणारा आणि चाहूल लागताच पाण्यात घसरणारा हा प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू सुमारे तीन सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे असते. रंग हिरवागार आणि चेहरा गोजिरवाणा. त्याची मादी पुरती वाढली की पाठ पंचवीस सेंटीमीटरच्याही पुढे जाते, आणि नीट सांभाळ झाल्यास ते वीस-तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, जगते. विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र त्या क्षणी रुपयाएवढे पिल्लूच असते. पुढील सर्व कथेचे मूळ या विसंगतीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील स्वस्त वस्तूंच्या दुकानांत ही पिल्ले खेळण्यांच्या शेजारी विकली जात. सोबत प्लॅस्टिकची उथळ वाटी मिळे. वाटीच्या मध्यभागी एक बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचे ताडाचे झाड. काही ठिकाणी तर पिल्लाच्या पाठीवर रंगीत चित्रे काढून ती विकत, त्यामुळे वाढत्या कवचाचा आकार बिघडे. खाद्य म्हणून वाळवलेली मुंग्यांची अंडी दिली जात. या आहारावर बहुतेक पिल्ले काही महिन्यांतच मरत, आणि मग मुलाच्या हट्टापायी दुसरे पिल्लू येई. १९७० च्या सुमारास वर्षाला सुमारे दीड कोटी पिल्ले विकली जात असावीत, असा अंदाज आहे. या मागणीवर लुइझियाना व आसपासच्या राज्यांत कासवांची शेती उभी राहिली होती. तळी खणून त्यांत प्रौढ कासवे सोडावयाची, काठच्या मातीत माद्यांनी पुरलेली अंडी उकरून काढावयाची, ती छपराखाली उबवावयाची आणि पिल्ले पेट्यांत भरून रवाना करावयाची, असा हा धंदा होता. प्रौढ कासवांना अनेक ठिकाणी खाटीकखान्यातील टाकाऊ मांस घातले जाई. याच खाद्यातून आणि गजबजलेल्या तळ्यांच्या पाण्यातून ‘सॅल्मोनेला’ नावाचे जंतू कळपात फैलावत.

हे जंतू कासवाच्या आतड्यात मुक्काम करतात, पण कासवाला त्यांचा काहीच उपद्रव होत नाही. ते ठणठणीत दिसते. माणसाच्या पोटात हेच जंतू गेले म्हणजे ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. तान्ह्या मुलांत ते रक्तात शिरून जिवावर बेततात. मुलाने कासवाला हात लावलाच पाहिजे असेही नाही. त्याच्या वाटीतील पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतले, त्याच मोरीत बाळाची दुधाची बाटली धुतली, एवढेही पुरते. १९६३ मध्ये पाळीव कासव आणि मुलाचा आजार यांचा संबंध अमेरिकेतील वैद्यकीय वाङ्मयात प्रथम नोंदला गेला. त्यानंतर एकामागून एक नोंदी येऊ लागल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या अंदाजानुसार त्या देशात कासवांमुळे होणाऱ्या या रोगाचे रुग्ण वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार होते. एकूण सॅल्मोनेला-रुग्णांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के पडते. एका खेळण्यावजा प्राण्यापायी एवढा मोठा रोगभार यावा, ही गोष्ट सामान्य नव्हती.

यावर पहिला उपाय जो योजला, तो कोणत्याही प्रशासनाला सुचावा असाच होता. पिल्ले जंतुमुक्त असल्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊ नयेत, असे अमेरिकेच्या केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने १९७२ मध्ये ठरविले. उपाय फसला. कारण कासव हे जंतू रोजच्या रोज बाहेर टाकत नाही. आज तपासणीत निर्दोष ठरलेली पेटी प्रवासाच्या त्रासानंतर, दाटीवाटीत आठवडाभर राहिल्यावर, दूषित सापडते. प्रमाणपत्र खोटे नसे, ते ज्या दिवसाचे होते त्या दिवसापुरतेच खरे असे. आपल्याकडे प्रमाणपत्रांवर फार विसंबणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

तेव्हा १९७५ मध्ये चार इंचांचा नियम आला. चारच इंच का? याचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. लहान मूल मिळेल ती वस्तू तोंडात घालते. चार इंचांचे, म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटरचे कासव त्याच्या तोंडात मावत नाही, आणि एवढ्या मोठ्या कासवाला कोणी खेळणे समजत नाही. शिवाय हे माप दुकानात पट्टी लावून पाहता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. निरीक्षकाला साधी पट्टी पुरावी, असा नियम करणे ही प्रशासनाची मोठी कला आहे, आणि त्या दृष्टीने हा नियम मला आजही उत्तम वाटतो. भंग करणाऱ्यास १ हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. काही अपवाद केले : शास्त्रीय, शैक्षणिक व प्रदर्शनाच्या खऱ्याखुऱ्या कामासाठी आणि परदेशी निर्यातीसाठी लहान कासवे देता येतील.

नियमाचा हेतू साध्य झाला का? नि:संशय झाला. या बंदीमुळे दरवर्षी बालकांतील सुमारे १ लाख रुग्ण टळले, असा तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. यापुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की हा कायदा करावयास नको होता. लाखभर मुलांचा आजार टाळणारा नियम कोणत्याही सरकारने अभिमानाने मिरवावा. प्रश्न निराळाच आहे. नियमाने मुलाकडे पाहिले, दुकानाकडे पाहिले, कासवाच्या पाठीकडे पट्टी लावून पाहिले. परंतु अंडी उबवून वर्षाला लक्षावधी पिल्ले निपजविणाऱ्या त्या तळ्यांचे आता काय होणार, इकडे त्याने पाहिले नाही.

तळ्यांतील माद्यांना सरकारी राजपत्र वाचता येत नव्हते. त्या पूर्ववत अंडी घालीत राहिल्या. शेतकऱ्यापुढे दोन वाटा होत्या. पिल्ले चार इंचांची होईपर्यंत पोसावयाची, तर त्याला काही वर्षे लागतात. तेवढा काळ खाद्य, पाणी, ऊब यांचा खर्च करून त्या कासवाला जी किंमत येणार, तिच्यात धंदा बसत नव्हता. म्हणजे कागदावर नियमन असलेली ही तरतूद शेतीच्या हिशेबात जवळजवळ संपूर्ण बंदीच ठरली. दुसरी वाट कायद्यानेच उघडी ठेवली होती, ती निर्यातीची. पुष्कळ शेते बंद पडली; जी टिकली ती या वाटेने गेली. अमेरिकेतून परदेशी कासवे आधीही जात होती, हे खरे. पण आता निर्यात हाच त्या धंद्याचा कणा बनला. १९८९ ते १९९७ या नऊ वर्षांत लाल कानाची सुमारे ५ कोटी २० लाख कासवे अमेरिकेतून बाहेर पडली. आपल्या मुलांना जे धोक्याचे म्हणून नाकारले, ते दुसऱ्यांच्या मुलांना विकावयास हरकत नाही, असा याचा अर्थ निघतो. तसे कोणी ठरवून लिहिले नसेल, पण अपवादाचे एक उपवाक्य तसे बोलत होते.

निर्यात करावयाची तर पिल्ले जंतुमुक्त असणे इष्ट, म्हणून आणखी एक युक्ती निघाली. अंडी ‘जेंटामायसिन’ या प्रतिजैविक औषधाच्या द्रावणात बुडवून ते कवचाच्या आत मुरवावयाचे. काही काळ तपासण्या स्वच्छ येऊ लागल्या. परंतु जे औषध माणसाच्या गंभीर संसर्गावर वापरतात, तेच तळ्याकाठच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले, आणि त्याला दाद न देणारे जंतू निवडून निवडून शिल्लक राहिले. लुइझियानाहून आलेल्या पिल्लांत जेंटामायसिनला न जुमानणारे सॅल्मोनेला आढळतात, हे कॅनडातील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. रोग टाळण्यासाठी केलेल्या बंदीतून निर्यात, निर्यातीसाठी औषध, आणि औषधातून अधिक चिवट रोगजंतू, अशी ही साखळी आहे. तिची प्रत्येक कडी जुळविणारा माणूस आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता.

देशांतर्गत पळवाटाही निघाल्या. त्या आपणांस ओळखीच्या वाटतील. कोणी वाटी आणि खाद्य विकत आणि कासव ‘भेट’ म्हणून देत. वास्तविक नियमात विक्रीप्रमाणेच अन्य प्रकारच्या व्यापारी वाटपालाही मनाई आहे. कोणी पावतीवर ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ असा शिक्का मारीत. जत्रांत, बाजाराच्या कोपऱ्यांवर, समुद्रकिनाऱ्यावरील भेटवस्तूंच्या दुकानांत पिल्ले मिळत राहिली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्याच अखत्यारीतील पोर्टो रिको बेटावर बालकांच्या आजाराचा माग पाळीव कासवांपर्यंत पोचला. २००७ मध्ये फ्लोरिडातील अवघ्या काही आठवड्यांच्या एका बालकाचा मृत्यू झाला, आणि जंतूचा धागा घरातील लहान कासवाशी जुळला. २०११ ते २०१३ या काळात कासवांमुळे आठ साथी नोंदल्या गेल्या. त्यांत ४७३ जण आजारी पडले, आणि रुग्णांचे मध्यक वय होते चार वर्षे. म्हणजे बंदीनंतर तीस-चाळीस वर्षांनीही आजारी पडणारे मूल त्याच वयाचे होते. फरक एवढाच की पूर्वी ते लाखांत मोजावे लागे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मुलाला घरात एखादा प्राणी हवाच असतो. कासव गेले, तेव्हा पुढे इग्वाना नावाचा हिरवा मोठा सरडा दुकानांत आला. अमेरिकेत आयात झालेल्या इग्वानांची संख्या १९८६ मधील सुमारे २८ हजारांवरून १९९३ मध्ये सुमारे ८ लाखांवर गेली, आणि त्यांच्यासोबत सॅल्मोनेलाही घराघरांत गेले. ही सारी वाढ कासवबंदीमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी सरीसृप पाळण्याची हौसच वाढली होती. परंतु लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी नेमका हाच मुद्दा धरला. साप, सरडे यांच्या अंगी तेच जंतू असताना बंदी फक्त आमच्याच कासवावर का, असे म्हणत त्यांनी २००७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. नियम मात्र आजतागायत उभा आहे, आणि तोही योग्यच आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. युरोपात ही पिल्ले पोचली ती मोठ्या संख्येने, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस कासव-वीरांची एक अमेरिकन चित्रमालिका मुलांत कमालीची लोकप्रिय झाल्यावर तर मागणीला उधाण आले. तोवर खोल टाक्या, दिवे, गाळण्या, चांगले खाद्य मिळू लागले होते. पूर्वी वाटीत मरणारे पिल्लू आता जगू लागले. जगू लागले म्हणजे वाढू लागले. दोन-चार वर्षांत ताटाएवढे, पाणी घाण करणारे, बोटाला चावणारे हे जनावर घरात नकोसे झाले. त्याला मारवत नाही आणि कोणी घेतही नाही, तेव्हा जवळच्या तळ्यात सोडून देणे हे लोकांना भूतदयेचे कृत्य वाटले. युरोपातील तळ्यांत तेथील स्वतःचे एक कासव आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘एमिस ऑर्बिक्युलॅरिस’. फ्रान्समधील संशोधकांनी दोन्ही कासवे एकत्र ठेवून पाहिली. उन्हात अंग शेकण्याच्या उत्तम जागा परक्या कासवाने बळकावल्या, देशी कासवांचे वजन घटले आणि त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. शीतरक्ताच्या प्राण्याला ऊन म्हणजे अन्न पचविण्याची चूल. ती हिसकावली की पुढे मारामारीची गरजच उरत नाही.

१९९७ मध्ये युरोपीय संघाने लाल कानाच्या कासवाची आयात थांबविली. येथे पुन्हा एक पट्टी लावली गेली होती. या वेळी ती इंचांची नव्हती, नावाची होती. बंदी एका उपजातीवर होती. व्यापाऱ्यांनी तिचीच भावंडे, पिवळ्या पोटाची वगैरे दुसऱ्या उपजातींची पिल्ले आणि अन्य अमेरिकन कासवे आणली. कानाचा रंग बदलला, तळ्यातील परिणाम तोच राहिला. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण जातच घातक परकीय जातींच्या यादीत घालण्यात आली. या वेळी मात्र कायदा करणाऱ्यांनी पूर्वीचा अनुभव पाठीशी घेतला. घरी आधीपासून असलेले कासव मालकाला त्याच्या मरणापर्यंत बाळगता येईल; फक्त त्याची वीण होऊ द्यावयाची नाही आणि ते बाहेर सोडावयाचे नाही, अशी सवलत मूळ विनियमातच होती.

ही सवलत कोणाला दुबळेपणा वाटेल. परंतु जपानची हकीकत ऐकली की तिचे मोल कळते. जपानात हे पिल्लू ‘मिदोरीगामे’, म्हणजे हिरवे कासव, या नावाने घरोघरी होते, आणि नद्यानाल्यांतही ते फार पसरले होते. २००५ साली तेथे परकीय जातींविरुद्ध कडक कायदा अमलात आला. त्या यादीत हे कासव सर्वांत आधी येईल अशी अपेक्षा होती. पण ते आले नाही. कारण त्या कायद्याखाली नाव आले की परवान्याशिवाय प्राणी बाळगणेही गुन्हा ठरे. मग परवान्याच्या आणि दंडाच्या भीतीने लक्षावधी लोक रातोरात आपली कासवे नदीत नेऊन सोडतील, ही धास्ती शासनाला वाटत होती. बंदीनेच आपत्ती ओढवेल, म्हणून बंदी करता येईना. हा पेच वर्षानुवर्षे राहिला. शेवटी कायद्यात दुरुस्ती करून एक मधला वर्ग निर्माण केला, आणि १ जून २०२३ पासून लाल कानाचे कासव व अमेरिकन झिंगा यांना त्या वर्गात घातले. घरी पाळण्यास किंवा कोणाला विनामूल्य देण्यास मुभा आहे. विक्री, आयात व मोकळ्यावर सोडणे यांस मनाई आहे. सोडणाऱ्या व्यक्तीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते या प्रश्नावरील आजवरच्या कायद्यांत हा सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. कारण त्याने कासव प्रथम कोठे आहे हे पाहिले, आणि ते तेथेच राहावे अशी व्यवस्था केली.

चीन व पूर्व आशियातील अन्य देशांत या प्रश्नाला धर्माचेही अंग आहे. बाजारातून जिवंत प्राणी सोडवून पाण्यात मुक्त करणे हे तेथील बौद्ध परंपरेत पुण्याचे मानतात. स्वस्त, सहज मिळणारे अमेरिकन कासव या पुण्यासाठी सोयीचे पडले. आपल्या समाजालाही ही भावना परकी नाही, म्हणून तिचा उल्लेख केला.

येथून आपल्या देशाकडे वळू. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच्या अनुसूचींमुळे देशी कासवे पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा ठरला. चांदणी कासव, ज्याला बाजारात ‘स्टार’ म्हणतात, त्याची तस्करी थांबावी म्हणून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले, आणि अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले. हे संरक्षण आवश्यकच होते. पण मूळ अनुसूची देशी प्राण्यांसाठी होती. मिसिसिपीच्या कासवाचे नाव तिच्यात असण्याचे कारण नव्हते. परिणाम असा झाला की शहरांतील मत्स्यालयांच्या दुकानांत देशी कासव ठेवणारा गुन्हेगार ठरे, आणि परदेशी पिल्लू काचेच्या टाकीत उघड मांडता येई. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, या अलीकडे पसरलेल्या समजुतीने त्याला गिऱ्हाईकही मिळाले. देशी कासवाला वाचविणारा कायदा अशा रीतीने परक्या कासवाचा दुकानदारही बनला. पुढला प्रवास आपण युरोपात पाहिलाच : टाकी लहान पडते, आणि मुलाबाळांसह जाऊन ते तळ्यात किंवा देवळाच्या पाण्यात सोडले जाते. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात हे कासव आढळल्याची नोंद आहे. केरळमध्येही ते मोकळ्या पाण्यात मिळाले, आणि पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवे स्वीकारण्याची मोहीम चालविली. ‘सोडू नका’ असे सांगताना ‘आमच्याकडे द्या’ हेही सांगणे, हा या मोहिमेतील महत्त्वाचा भाग होय.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ६२-अ आले आहे. देशातील वन्यजीवांस किंवा त्यांच्या अधिवासास धोका असलेल्या परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांस मनाई करण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे दिला आहे. असा अधिकार कोणत्याही प्राण्याबाबत वापरला जाईल, तेव्हा अंमलबजावणी आपणांपैकी अनेकांच्या हाती येईल. त्या दिवशी शहरातील एखाद्या कुटुंबाच्या न्हाणीघरात ठेवलेल्या टाकीत ते कासव असणारच आहे. मालकाने ते कोठे न्यावयाचे, कोणत्या मुदतीत, कोणाकडे सोपवावयाचे, सोपविणाऱ्यास शिक्षेची भीती आहे की नाही, याची उत्तरे अधिसूचनेच्या सोबतच हवीत. ती नंतरच्या परिपत्रकाने आली, तर मधल्या महिन्यात तळे भरलेले असेल. तसेच यादीत जातीचे नाव घालताना ते एका उपजातीपुरते न राहील, हेही पाहिले पाहिजे. भावंडांचा अनुभव युरोपने घेतलाच आहे.

शिक्षक मित्रांना थोडे वेगळे सांगावयाचे आहे. शाळेत प्राणी असावेत, मुलांनी ते जवळून पाहावेत, या मताचा मी आहे. परंतु बालवाडीच्या वर्गात कासव नको. पाच वर्षांखालील मुलांना सॅल्मोनेलाचा त्रास सर्वांत अधिक होतो. मोठ्या मुलांनी हाताळले तर लगेच साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली किंवा पोषण आहार शिजतो त्या जागी टाकू नये. कासव नीटनेटके दिसते, म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही, एवढे तरी मुलांना उमगले पाहिजे. वर्गात कोणी आपले कासव नकोसे झाले म्हणून आणून दिले, तर ‘चला, ओढ्यात सोडून येऊ’ हा सहलीचा कार्यक्रम करू नये.

आणि पंचायत सदस्यहो, २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार आपल्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. काही ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे, हेही आपण जाणतो. तिच्यात आपण गावचे वृक्ष, वनौषधी, पक्षी लिहितो. त्याच वहीत परक्या पाहुण्यांसाठीही एक पान ठेवावे. गावच्या तलावात, देवळाच्या बारवेत, पाझर तलावाच्या काठी दगडावर ऊन खात बसलेले कासव दिसले आणि डोळ्यामागे तांबडा पट्टा असला, तर तारीख, ठिकाण आणि किती दिसली ते लिहावे, छायाचित्र घ्यावे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. गावकऱ्यांनी ते मारू नये आणि दुसऱ्या तलावात हलवूही नये. आपले देशी कासव ओळखता येणारा एखादा जुना भोई किंवा मासेमार गावात असतोच. पाहणी करताना त्याला सोबत घ्यावे, म्हणजे देशी कासवाला परके समजून पकडण्याचा नवाच गुन्हा घडणार नाही.

वेळ बराच झाला आहे. आपल्या तालुक्यांत असे कासव कोणी पाहिले असेल, किंवा दुकानांतील विक्रीविषयी कोणाला काही ठाऊक असेल, तर ते आता चर्चेच्या वेळी जरूर सांगावे.